अंदमान: पाच जण, सात दिवस, दोन लाख. जमेल का?

मेथीफळं | १४ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे. मी, नवरा, लेक (११), चिरंजीव (५) आणि सासूबाई (६९, दोन्ही गुडघे कुरकुरतात). सासूबाई एरवी "तुम्ही ठरवाल तिथे" म्हणणाऱ्या. यंदा मात्र त्यांनीच सांगितलं, मला एकदा तात्यारावांची (सावरकरांची) कोठडी बघायची आहे. म्हणजे अंदमान पक्कं. त्यावर चर्चा नको, बाकी सगळ्यावर हवी.

बजेट दोन लाख, सांगलीच्या दारापासून सांगलीच्या दारापर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे. एका टूर कंपनीने विमानासकट २,६५,००० सांगितले, त्यात पाच दिवसांत सात ठिकाणं आणि रोज पहाटे पाचला उठायचं. तो कागद बघूनच नवऱ्याचे गुडघे दुखायला लागले.

प्रश्न असे:
स्वतः बुकिंग केलं तर दोन लाखांत बसेल का? बोटींचं काय? मला गाडी लागते, बोट किती लागेल देव जाणे. सासूबाई पूर्ण शाकाहारी, त्यांच्या खाण्याचं काय? आणि कोठडीपर्यंत जिने किती?

हिशेबनीस | १४ ऑगस्ट, रात्री ११:२५

दोन लाखांत बसेल, पण दिवाळीत नाही.

पुणे किंवा मुंबईहून निघालात तरी वाटेत चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकाता यांपैकी कुठेतरी विमान बदलायचं हे धरूनच चाला. दिवाळी आणि नाताळात ही तिकिटं माणशी पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जाताना मी स्वतः पाहिली आहेत. म्हणजे पाच जणांचे सव्वा ते दीड लाख नुसते हवेत. पाच वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं, दोन वर्षांच्या आतलं बाळच तेवढं मांडीवर जवळजवळ फुकट जातं.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यांत, २६ जानेवारीची सुट्टी टाळून, तेच तिकीट आम्हाला सतरा-अठरा हजारांत मिळालं होतं. हॉटेलंही उतरलेली असतात. आधी विमानाची तारीख, मग बोटी, मग हॉटेल. लोक उलटं करतात. हॉटेलचा फोटो बघून पैसे भरतात आणि मग त्या तारखेला बोट मिळत नाही.

पाणकोळी | १५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

नवरा नौदलात, त्यामुळे पोर्ट ब्लेअरला तीन वर्षं संसार केला. पाहुणे इतके आले की मी बिनपगारी गाईडच झाले होते. जरा सविस्तर लिहिते.

आधी नावांचा घोळ मिटवा. पोर्ट ब्लेअर आता श्री विजय पुरम (२०२४ पासून). हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही तिन्ही नावं डिसेंबर २०१८ ची. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा बदलली. बोटीच्या तिकिटावर नवं नाव असतं आणि रिक्षावाला जुनं बोलतो. माझ्या आत्याने "मला हॅवलॉकला जायचंय, हे स्वराज कुठलं दिलंत" म्हणून जेट्टीवर भांडण काढलं होतं.

दिवाळीबद्दल हिशेबनीसांशी सहमत, पण माझं कारण वेगळं. आपल्याकडे पाऊस सप्टेंबरअखेर आटोपतो. तिथे मे-जूनपासून सुरू झालेला पाऊस परतीच्या मोसमी वाऱ्यांमुळे नोव्हेंबरपर्यंत, कधी डिसेंबरातही रेंगाळतो. त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळं होतात आणि बोटी बंद पडतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाने जहाजं पाठवून बाहेर काढले. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत समुद्र कसा शहाण्या मुलासारखा असतो. तुम्हाला बोट लागत असेल तर हेच दिवस.

आणि हे मात्र वहीत लिहून ठेवा: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान असा बेत कोणी कितीही पटवून दिला तरी करायचा नाही. बोट रद्द झाली तर ते बोटीचे पैसे परत देतील, विमानाचे कोण देणार?

मु_पो_रत्नांग्री | १५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

समुद्रच बघायचा तर एवढं लांब कशाला? तारकर्लीला या. विमान नको, बोट नको, सासूबाईंना सोलकढी आणि घावणे. पाच जणांचे चार दिवस तीस हजारांत करून देतो.

मेथीफळं | १५ ऑगस्ट, सकाळी ९:५०

@मु_पो_रत्नांग्री, दादा, तारकर्लीला दर दोन वर्षांनी येतोच. पण कोठडी तिकडे नाही ना.

मु_पो_रत्नांग्री | १५ ऑगस्ट, सकाळी १०:०२

तेही खरं. आमच्याकडे त्यांची रत्नागिरीची स्थानबद्धता आहे, पण तिला समुद्र ओलांडावा लागत नाही.

बरं, मग कामाचं सांगतो. नीलला समुद्रकाठचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर पूर्ण ओहोटी हवी, नाहीतर खडकांपलीकडे पोचताच येत नाही. ओहोटीत मात्र डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे असे दिसतात की पोरं घरी यायला तयार नसतात. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहा. अंदमानला हा हिशेब लावू नका, तिथली वेळ वेगळी पडते. बुकिंग करण्याआधी भरतीचं कोष्टक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि तेव्हा ओहोटीही चांगली खोल जाते.

फिरस्ता७२ | १५ ऑगस्ट, दुपारी १:१५

मला कळत नाही लोक अंदमानवर एवढा खर्च का करतात. तेवढ्याच पैशात मालदीव होतं. भारतीयांना पर्यटक व्हिसा पोचल्यावर फुकट.

हिशेबनीस | १५ ऑगस्ट, दुपारी १:४०

व्हिसा फुकट, बाकी काय फुकट आहे तेही सांगा. तिथे माणशी रोजचा हरित कर आहे. २०२५ पासून रिसॉर्टला १२ डॉलर, छोट्या गेस्टहाउसला ६. पाच जण, सहा रात्री, रिसॉर्ट म्हटलं की ३६० डॉलर. म्हणजे खोलीची किल्ली हातात यायच्या आधीच तीस हजार गेले. विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटावर जायची स्पीडबोट किंवा पाण्यावर उतरणारं विमान वेगळं. लोकवस्तीच्या बेटावर गेस्टहाउस घेतलं तर स्वस्तात होतं, मान्य. पण "तेवढ्याच पैशात" म्हणताना सगळे पैसे मोजावेत.

फिरस्ता७२ | १५ ऑगस्ट, दुपारी १:५२

मी कंपनीच्या पैशाने गेलो होतो, त्यामुळे मोजले नाहीत.

टेबलाखालचा_क्लार्क | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

ताई, घरात कोणी केंद्र सरकारी नोकरीत आहे का? असेल तर मूळ गावाच्या एलटीसीच्या (रजा प्रवास सवलतीच्या) बदल्यात अंदमानला जाता येतं. ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही त्यांनाही चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढचं विमान चालतं. सवलतीला मुदत असते आणि ती वेळोवेळी वाढवत नेतात, तेव्हा ऑफिसात चालू परिपत्रक मागा. तिकीट ठरलेल्या अधिकृत एजंटांकडूनच आणि प्रवासाच्या २१ दिवस आधी काढा. आमच्या एका साहेबांनी भलत्याच वेबसाइटवर स्वस्त मिळालं म्हणून काढलं, बिल परत आलं. वाचवले चार हजार, गेले साठ.

मेथीफळं | १५ ऑगस्ट, रात्री ९:१०

नवरा खासगी बँकेत आणि मी शाळेत, त्यामुळे एलटीसी नाही.

जानेवारीवर घरात मतदान झालं आणि ठरलं: १८ ते २४ जानेवारी. लेकीची सहा दिवस शाळा बुडेल. शिक्षिकेच्याच मुलीने दांडी मारायची, माझ्या वर्गातल्या पालकांना कळू देऊ नका.

@पाणकोळी ताई, बोटींचं आणि जिन्यांचं राहिलं.

पाणकोळी | १६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आधी जिने, कारण तुमची सगळी सहल त्यावर उभी आहे.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधे मनोरा आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती. एकीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर फक्त भिंत, दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसायचं नाही. आज त्या सातांपैकी तीनच उभ्या आहेत, पाडलेल्यांच्या जागेवर सरकारी रुग्णालय आहे. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. लिफ्ट नाही. म्हणजे दोन जिने चढायचे आणि मग लांबच लांब व्हरांडा चालायचा. माझ्या सासऱ्यांनी सत्तराव्या वर्षी केलं, पण पाऊण तास लागला. विमानातून उतरल्या दिवशी थकल्या पायांनी नेऊ नका. त्या संध्याकाळी फक्त ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघा, तो खाली अंगणात खुर्च्यांवर बसून असतो. तिकीट आधी काढा, हंगामात संपतं. कोठडी दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं चढायच्या आत.

आता बोटी. सरकारी आणि खासगी अशा दोन. सरकारी बोट काही शेकड्यांत नेते, हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास लागतात. पण तिची तिकिटं थोडेच दिवस आधी सुटतात आणि तिथल्या लोकांचा पहिला हक्क. तो असायलाच हवा, त्यांची ती एस्टी आहे. आजारी माणूस, परीक्षेची मुलं, सगळे त्याच बोटीने येतात. त्यामुळे आई आणि दोन मुलं घेऊन त्या भरवशावर राहू नका. खासगी वातानुकूलित बोटी दीड तासात पोचवतात, माणशी बाराशे ते दोन हजार, वर्गाप्रमाणे. खालचा मजला, मधल्या रांगा घ्या. तिथे हलणं सगळ्यात कमी. बोट लागू नये म्हणून गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, उलटी आल्यावर नव्हे. मुलाची गोळी डॉक्टरांना विचारून.

सूर्य तिथे आपल्या आधी उगवतो आणि घड्याळ मात्र आपलंच. साडेपाचला अंधार. दुपारी जेवून झोपलात की दिवस संपला. पहाटे पाचला उठवणारी ती टूर कंपनी एवढ्यापुरती शहाणी आहे हो.

कोल्हापुरी_चप्पल | १६ ऑगस्ट, सकाळी ११:३०

बाराटांग चुकवू नका! चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून स्पीडबोट, चिखलाचा ज्वालामुखी. आणि वाटेत जारवा आदिवासी दिसतात.

पाणकोळी | १६ ऑगस्ट, दुपारी १२:१०

@कोल्हापुरी_चप्पल, या शेवटच्या वाक्यासाठीच मी पाहुण्यांना तिकडे पाठवणं बंद केलं. जिरकाटांगच्या नाक्यापासून गाड्यांचा ताफा करून पोलीस पुढे सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही, सगळं कायद्याने बंद. आणि तरी प्रत्येक गाडीतले लोक काचेला नाक लावून बसलेले. ते त्यांचं रान आहे, त्यातून आपण रस्ता काढलाय. गुहा चांगल्या आहेत, नाही म्हणत नाही. पण माणसं "दिसतात" म्हणून जायचं हे मला सोसत नाही.

शिवाय पाच वर्षांच्या मुलाला रात्री तीनला उठवून, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. कशाला?

कोल्हापुरी_चप्पल | १६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

माझा तसा अर्थ नव्हता. पण आता परत वाचलं तर तसाच निघतोय. मागे घेतो.

दुधी_भोपळा | १६ ऑगस्ट, दुपारी ३:००

सासूबाईंच्या खाण्याची काळजी नको. पोर्ट ब्लेअरला तमिळ आणि बंगाली वस्ती मोठी, इडली-डोसा-भात कुठेही मिळतो. हिंदी सगळ्यांना येते. हॅवलॉक-नीलवर बहुतेक घरं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. म्हणून तर गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, सीतापूर, लक्ष्मणपूर. थाळीत मासा असणारच, पण "बिना मछली" म्हटलं की डाळ, भात, आलू-भाजा आणि एक भाजी मिळते. बऱ्याच भाज्या मुख्य भूमीवरून जहाजाने येतात, म्हणून टोमॅटो-सिमला मिरची दिसली की बिल वाढतं. नीलला मात्र भाजीचे मळेच आहेत, तिथली वांग्याची भाजी खा.

पोळी विसरा. आमच्या आईने दशम्या आणि तिळाची चटणी नेली होती, सात दिवस पुरली.

बाराखडी | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४५

सावरकरांच्या कोठडीचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या त्या अर्जांबद्दलही

मेथीफळं | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

@बाराखडी, हात जोडते. त्यावर इथे चालू असलेले तीन धागे आहेत, तिथे रात्रभर जागा. मला इथे टॅक्सीचे दर हवेत.

बाराखडी | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

बरं. पोर्ट ब्लेअरला दिवसभराची मोठी गाडी अडीच-तीन हजार. हॅवलॉकला अंतर कमी, दर जास्त. दुचाकी पाचशे-सहाशे रुपये रोज, पण तुमच्या पाच जणांना ती कुठे पुरणार.

निळी_छत्री | १७ ऑगस्ट, सकाळी ८:२०

लेक अकरा वर्षांची म्हणजे स्कूबा करू शकते, किमान वय दहा आहे. फक्त स्कूबानंतर निदान १८ तास विमानात बसू नये, म्हणून हॅवलॉकला गेल्या गेल्या उरकून टाका. पाच वर्षांच्याला काचेच्या तळाची बोट.

पोहायचं मात्र खुणा केलेल्या भागातच. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० साली राधानगरजवळ एका पर्यटक तरुणीचा जीव गेला होता. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा तो आपला वाळूवरचा डाव मोडायला मारत नसतो. पाण्यातून बाहेर या.

अजून एक. मुलं खिसे भरून शिंपले-पोवळी आणतात. पोवळं उचलून नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर पेटीत दिसतं. भेटवस्तू सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या, पावती जपा.

मेथीफळं | ९ सप्टेंबर, रात्री १०:१५

विमानाची तिकिटं काढली! माणशी १७,८००. बोटीही झाल्या. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर. बाराटांग नाही. सगळ्यांचे आभार. आता गप्प बसते आणि सासूबाईंना रोज सकाळी जिना चढायला लावते.

मेथीफळं | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. परत आलो, सगळे धड. हिशेब द्यायचं कबूल केलं होतं, तो देते आणि मग बाकीचं.

विमान, पाच जण: ८९,०००
सांगली-पुणे गाडी, दोन्ही वेळा: ९,०००
तिन्ही बोटी, पाच जण: २१,७५०
हॉटेल, दोन खोल्या, सहा रात्री: ३९,४००
टॅक्सी, सगळीकडच्या: १६,५००
रॉस आणि एलिफंट बीचच्या बोटी, प्रवेश तिकिटं: ९,२००
स्कूबा, नवरा आणि लेक: ७,०००
खाणं: २१,०००
खरेदी, शहाळी, टिप, किरकोळ: ८,४००

एकूण २,२१,२५०. म्हणजे दोन लाखांत नाही बसलं. यातले १,१९,७५० नुसते जाण्या-येण्याचे, एका बेटावरून दुसऱ्यावर उडी मारण्याचे. तिथला खर्च तसा कोकणातल्या बऱ्या हॉटेलइतकाच आहे, समुद्रच महाग पडतो.

वाचवता आले असते का? हो. खोल्या दोनऐवजी एक मोठी घेतली असती तर आठ-दहा हजार. पण सासूबाई घोरतात (त्या हे वाचत नाहीत) आणि चिरंजीव झोपेत गोल फिरतात. त्या दुसऱ्या खोलीचा मला एका पैशाचाही पश्चात्ताप नाही. एक टॅक्सी मात्र फुकट गेली. हॅवलॉकच्या जेट्टीवर उतरल्यावर गर्दीत घाबरून पहिल्या माणसाला हो म्हटलं, आणि हॉटेल चालत चार मिनिटांवर निघालं. सहाशे रुपये. नवरा अजून त्यावरून बोलतो.

बोट लागली का? जाताना अजिबात नाही. गोळी, खालचा मजला, मधली रांग, सगळं पाणकोळीताईंच्या आज्ञेप्रमाणे. हॅवलॉक ते नील म्हणजे छोटासा प्रवास म्हणून शहाणपणा करून गोळी घेतली नाही. पुढचं लिहीत नाही.

रोख पैसे न्या. जीपे चालतं, पण नीलला दोनदा रेंज गेली आणि शहाळेवाल्या काकूंसमोर आम्ही फोन हवेत धरून उभे. त्या म्हणाल्या, कल दे देना. दुसऱ्या दिवशी जेट्टीवर जाताना दिले. वाळूमाशांसाठी खोबरेल तेल न्या, पायाला चोपडून मगच पुळणीवर. लेकीने ऐकलं नाही, अजून खाजवतेय.

रॉसला बॅटरीवर चालणारी गाडी आहे, सासूबाई राणीसारख्या फिरल्या. इंग्रजांची बेकरी, चर्च, सगळं वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळलेलं. हरणं अगदी हाताजवळ येतात. एकाने चिरंजीवांच्या हातातला राजगिऱ्याचा लाडू पळवला. घरी आल्यापासून रोज ही गोष्ट वेगळ्या आकाराच्या हरणासह सांगितली जाते.

@मु_पो_रत्नांग्री, ओहोटी बरोबर साधली. समुद्रकाकडी बघितली. चिरंजीव त्या डबक्याशी दीड तास बसले, पूल बघितलाच नाही त्यांनी.

पाणकोळी | २ फेब्रुवारी, रात्री ९:५५

आणि कोठडी?

मेथीफळं | २ फेब्रुवारी, रात्री १०:४०

तेच लिहायचं टाळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या गेलो. खाली कोलू (तेलाचा घाणा) ओढणाऱ्या कैद्याचा पुतळा आहे. रोज किती तेल काढावं लागायचं ते लेकीने विचारलं, गाईडने सांगितलं, त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही. सासूबाईंनी जिना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढला. मधे दोनदा बसल्या. नवरा हात द्यायला गेला तर म्हणाल्या, तू पुढे हो. चाळीस मिनिटं लागली.

मला वाटलं होतं रडतील, नमस्कार करतील, काहीतरी म्हणतील. त्या आत गेल्या, फोटोला हात जोडले आणि मग भिंती मोजायला लागल्या. पावलांनी. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाहेर येऊन म्हणाल्या, "आपल्या देवघराच्या खोलीएवढी आहे गं." मग म्हणाल्या, "आणि भाऊ इथेच, दुसरीकडे?" सावरकरांचे थोरले भाऊ बाबारावही त्याच तुरुंगात होते, ते त्यांना माहीत होतं. एका तुरुंगात असून भेट नाही, हेच त्यांना सगळ्यात लागलं. सासूबाईंचा धाकटा भाऊ मिरजेला असतो, वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नाही.

उतरायला जास्त वेळ लागला. गुडघे दोन दिवस सुजले, हॅवलॉकला राधानगरच्या पुळणीवर त्या खुर्चीत बसून राहिल्या आणि आम्हीच पाण्यात गेलो. त्यासाठी पाच जणांचा बेत करणाऱ्यांना सांगते: तुरुंगानंतरचा दिवस रिकामा ठेवा. आम्ही रॉस लगेच त्याच दुपारी केलं, ते उलटं करायला हवं होतं.

पाणकोळी | २ फेब्रुवारी, रात्री १०:५५

गुडघ्यांना काय लावलंत?

मेथीफळं | २ फेब्रुवारी, रात्री ११:०५

हॉटेलच्या बंगाली ताईंनी मोहरीच्या तेलात लसूण कडकवून दिला. बाटली भरून सांगलीला आणलीय. विमानात पेटीत फुटली आणि माझ्या तीन साड्यांना अजून वास येतोय, तो खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही.

हिशेबनीस | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

धरा. ड्रायक्लीनिंगची पावती असेल तर.

कोल्हापुरी_चप्पल | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

ताई, आम्ही मार्चमध्ये सहा जण निघतोय. हॅवलॉकचं हॉटेल जेट्टीपासून चार मिनिटांवर म्हणालात, नाव व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? आणि सासूबाई मिरजेला गेल्या का?

मेथीफळं | ३ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

नाव पाठवलं. खोली मागच्या बाजूची मागा, पुढे जनरेटरचा आवाज येतो.

मिरजेला अजून नाही. पण सागरिकातून घेतलेल्या नारळाच्या करवंटीच्या दोन वाट्यांपैकी एक कपाटात बाजूला ठेवलीय, आणि कोणासाठी ते कोणी विचारलेलं नाही.